नाव कोरलेला गेम आणि राजूरचा डबा

फोटो आला तेव्हा मी नववीचे पेपर तपासत होतो. पेपर तपासताना फोन उलटा ठेवायचा हा माझा नियम, पण त्या दिवशी तो मोडला. जुने हातातले व्हिडिओ गेम जमवणाऱ्यांच्या आमच्या गटावर कोणीतरी एक फोटो टाकला होता. जेवणाच्या चपट्या डब्यासारखा उघडणारा जपानी गेम, वरच्या झाकणात एक पडदा आणि खालच्या भागात दुसरा. रंग शेंदरी. खाली लिहिलेलं होतं, "चालू हाय. राळेगाव तालुका. कितीचा जाईल?"

यवतमाळात बसून मी पुण्या-बंगळुरूच्या लोकांचे संग्रह पाहत असतो. आणि हा गेम माझ्या घरापासून दीड तासावर होता. बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, "जाऊन या एकदाचे, नाहीतर आठ दिवस तेच बोलाल." शनिवारची रजा टाकली.

हा शौक काय आहे ते नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मी खेड्यातल्या शाळेत शिकलो. आमच्या आठवडी बाजारात एक माणूस असाच एक गेम घेऊन बसायचा आणि आठ आणे घेऊन पाच मिनिटं खेळू द्यायचा. गेमला सुतळी बांधलेली असायची आणि सुतळीचं दुसरं टोक त्याच्या मनगटाला. त्या पाच मिनिटांची गोडी अजून गेली नाही. आज असे गेम जगभर लोक जमवतात, आणि त्यांची किंमत गेमपेक्षा त्याच्या अवस्थेवर ठरते. पडदा स्वच्छ आहे की काळपट डाग पडलेत, सेलच्या जागी गंज आहे का, सेलचं झाकण मूळचं आहे का, प्लास्टिक पिवळं पडलंय का. कागदी डबा आणि आतलं माहितीपत्रक असेल तर किंमत दुपटीच्या पुढे जाते. कोणी ओरखडा पाडला, स्टिकर लावलं, रंग दिला की ती घसरते. जमवणाऱ्याला वस्तू कारखान्यातून निघाली तशीच हवी असते, मधली वर्षं त्याला नको असतात. हे वाक्य मी आमच्या गटावर अनेकदा लिहिलं आहे.

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. सकाळी स्वेटर घालून मोटारसायकल काढली. पिशवीत नवे गोल सेल, छोटा पेचकस, मऊ फडकं आणि भिंग. अशा शोधात निघालात तर सेल स्वतःचे न्या, खेड्यात ते मिळतीलच असं नाही. कळंबला थांबून चिंतामणीचं दर्शन घेतलं. पायऱ्या उतरून खाली गेलं की थंडीतही गाभाऱ्यात ऊब वाटते. बाहेर आलूबोंडा आणि रस्सा, वर चहा. पन्नास रुपयांत पोट भरलं. कळंब ते राळेगाव रस्ता ठीक आहे, मधे खड्ड्यांचे दोन-तीन पट्टे लागतात. दोन्हीकडे कापसाची वेचणी चाललेली, तुरीच्या शेंगा भरत आलेल्या. बायका सायकलींना डबे अडकवून शेतावर निघाल्या होत्या.

राळेगावहून काही किलोमीटर आत एक तांडा आहे. तांडा म्हणजे बंजारा समाजाची स्वतंत्र वस्ती. एकेकाळी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ वाहून नेणारी ही माणसं, आता तिथेच कापूस-सोयाबीन पिकवतात. पांढरं निशाण लावलेल्या देवळापाशी आत्माराम राठोड उभाच होता. वय माझ्याएवढंच, डोक्याला मफलर.

"सर, रस्ता सापडला म्हना!"

"सापडला. तुमच्या फोटोनं झोप उडवली माझी."

"अन् माही बायको म्हने, हे भंगार कोन घेते जी!"

ओसरीवर बसलो. आत्मारामच्या आईला घरात सगळे याडी म्हणतात, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला तोच शब्द. तिने आतूनच "आवो, बेसो" म्हणून पाणी पाठवलं. आत्मारामने स्टीलच्या डब्यातून गेम काढला आणि माझ्या हातात दिला. सेल घातले. दोन्ही पडद्यांवर आकृत्या लख्ख उमटल्या. बारीकसा टिकटिक आवाज करत वरच्या पडद्यातला माणूस शिडीवरून खालच्या पडद्यात उतरला. बिजागरी घट्ट, सेलचं झाकण मूळचं, गंजाचा ठिपका नाही.

मग मी गेम उलटा केला.

मागच्या बाजूवर, मधोमध, ताटा-वाट्यांवर नाव टाकतात त्या मशीनने ठिपक्याठिपक्यांची अक्षरं कोरलेली होती: चि. आत्माराम यास मामाकडून सप्रेम भेट.

"हे काय?"

आत्माराम हसला. "माह्या मामाचं काम हाय. मामा ट्रकवर डायवर होते. इथल्या जिनातल्या कापसाच्या गाठी मुंबईच्या बंदरावर नेत. तिथूनच आनलं हे. अन् मले द्याच्या आंधी राळेगावच्या भांड्याच्या दुकानात नेऊन नाव टाकलं."

जगभरात या गेमचे शेकडो नमुने असतील, पण लग्नातल्या पातेल्यासारखं नाव टाकलेला हा एकच असावा. आमच्याकडे माणूस एखादी चांगली वस्तू देतो तेव्हा तिच्यावर नाव टाकूनच देतो. मला गंमत वाटली आणि वाईटही वाटलं. मी त्याला सरळ हिशेब सांगितला. नाव नसतं तर डब्याशिवायही चौदा हजार दिले असते. नाव आहे म्हणून सात.

आत्माराम मांडीवर थाप मारून म्हणाला, "बाप्पा! म्हंजे मामानं पैसे देऊन भाव कमी केला म्हनाचा!"

त्याची बायकोही दारात उभी राहून हसली. मीही हसलो. याडी मात्र सुपात शेंगा सोलता सोलता म्हणाली, "हासतं काय रं? नाव होतं म्हून घरी आलं थे."

आणि तिने मला गोष्ट सांगितली. आत्माराम लहान असताना हा गेम तांडाभर फिरायचा. ज्याच्या हाती लागला त्याचा. एकदा लग्नाला आलेली पाहुण्यांची पोरं तो सोबत घेऊन गेली, कुठल्या तांड्यावर तेही कळलं नाही. आत्माराम जेवेना. महिन्या-दीड महिन्याने एक अनोळखी म्हातारा सायकलवरून आला. त्याने गेमवरचं नाव कोणाकडून तरी वाचून घेतलं होतं आणि आत्माराम नावाचं पोर शोधत तीन तांडे फिरला होता. "ताट-गडवे लग्नातून वापस येतात, तसं आलं," याडी म्हणाली. "नावच नसतं त कोनाले काय मालूम, कोनाचं हाय!"

मी मान डोलावली. गोष्ट आवडली. पण खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष पडद्याच्या कोपऱ्यात डाग आहे की नुसती धूळ आहे याच्याकडे होतं.

आत्मारामला विकायचं होतं. त्याची मुलगी यवतमाळला नर्सिंग शिकते, तिच्यासाठी जुनी स्कूटी पाहिली होती आणि थोडी रक्कम कमी पडत होती. सात हजारांवर सौदा ठरला. मग मी सहज विचारलं, "याचा कागदी डबा होता का?"

"डबा मामापाशीच राह्यला. राजूरले. माह्या बापानं डबा पाह्यला असता त म्हटलं असतं, एवढा पैसा खेळन्यात घातला! म्हून मामानं डबा देल्लाच नाई."

"मामा अजून आहेत?"

"हायेत ना जी. पोरापाशी राह्यतात."

डबा मिळाला तर त्याचे पाच हजार वेगळे देईन असं मी म्हणालो. आत्मारामने तिथेच फोन लावला. "मामा, उद्या एक सर येऊन राह्यले तुमच्याकडं. त्या गेमचा डबा हाय ना, थो त्याइले द्या." एवढंच बोलला. कशासाठी ते सांगितलं नाही, मीही सांग म्हटलं नाही.

दुपारी तिथेच जेवलो. ज्वारीची भाकर, तुरीच्या हिरव्या सोल्यांची आमटी, तव्यावरचा ठेचा. याडीने नको म्हणेपर्यंत वाढलं. निघताना तिने गेमवरून एकदा हात फिरवला, आंघोळ घातलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि आत निघून गेली.

राळेगावहून वडकीला निघालं की नागपूर-हैदराबाद महामार्ग लागतो. तिथून पांढरकवड्यापर्यंत रस्ता सुंदर, पण ट्रक फार. दुचाकीवाल्यांनी डावी कड सोडू नये. पांढरकवड्याला बसस्थानकाजवळ साध्या लॉजवर पाचशे रुपयांत खोली मिळाली. गरम पाणी बादलीने मागवावं लागतं.

रविवारी उजाडता उजाडता केळापूरला जगदंबेच्या दर्शनाला गेलो. गर्दी नव्हती. एक म्हातारी ओटीचा नारळ सांभाळत बसली होती, पुजारी फुलं बदलत होता. मी लहानपणापासून देवापुढे काही मागत नाही. आमच्या गावच्या सामुदायिक प्रार्थनेत ती सवय लागली, नुसते हात जोडायचे. त्या दिवशी डोळे मिटले आणि मनात आपोआप आलं: डबा चांगल्या अवस्थेत असू दे. लाज वाटली. पण मागून झालं होतं.

करंजीपर्यंत मागे येऊन वणीचा रस्ता धरला. मारेगावात चहा घेतला. वणी ओलांडली की हवा बदलते. कोळशाचे ट्रक ताडपत्र्या बांधून एकामागे एक, रस्त्याच्या कडेची झाडं काळी. पुढे राजूरला चुन्याच्या भट्ट्यांची पांढरी धूळ. एका वळणावर एक भिंत अर्धी काळी अर्धी पांढरी दिसली. तोंडाला रुमाल बांधूनच जा, आणि पांढरा सदरा घालू नका.

धनसिंग मामांचं घर शोधायला वेळ लागला नाही. पानठेल्यावर विचारलं, तर ठेलेवाला म्हणाला, "डायवर मामा ना? त्या निळ्या दारात. आवाज जोरात द्या, एका कानानं आयकत नाईत!"

मामा पंचाहत्तरीचे असतील. बारीक अंग, स्वच्छ धोतर, हातांची बोटं अजून स्टेअरिंगला शोभतील अशी जाड. मुलगा आणि सून कामावर गेले होते. डबा त्यांनी पेटीतून काढून खाटेवर आधीच मांडून ठेवला होता, खाली धुतलेला टॉवेल घालून.

"या जी, बसा. भाशाचा फोन आल्ता. बिनकामाचा डबा हाय, पन फेकाची इच्छा नाई झाली. चित्र पाहा ना, कसं रंगीत हाय!"

डबा पाहून मी भिंग काढलं. कोपरे टोकदार, रंग ताजे, आत थर्माकोलचा साचा आणि घडी न मोडलेलं माहितीपत्रक. मी पिशवीतून गेम काढला आणि साच्यात ठेवला. तो अलगद बसला. मामांनी टाळी वाजवली.

"आता झालं पूर्न! तुमी घेतलं का जी हे?"

मी हो म्हणालो, आत्मारामच्या मुलीच्या स्कूटीचंही सांगितलं. मला वाटलं ते नाराज होतील. पण मामा खूष झाले. "बरं केलं. पोरीच्या कामी आलं त सोनं झालं. मंग आता डब्यासंगट कितीचं झालं?"

इथे मी थांबायला हवं होतं. "चांगलं आलं मामा" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण हातात डबा होता, मन भरून आलं होतं, आणि किंमत समजावून सांगणं हा माझा आवडता विषय आहे. वर्गात फळ्यासमोर उभा असल्यासारखा मी बोलत सुटलो. सेलच्या झाकणाचे इतके, डब्याचे इतके, पडद्याचे इतके. एकूण बारा हजार देतोय. आणि म्हणालो, "ते नाव नसतं ना मामा, तर पंचवीसच्या पुढे गेला असता."

"कोनतं नाव?"

"मागे कोरलंय ते."

"थे त म्या कोरून घेतलं."

तांड्यावर या गोष्टीवर सगळे हसले होते. मामाही हसतील असं मला वाटलं होतं. मामांनी गेम साच्यातून काढला, उलटा केला आणि अक्षरांवरून अंगठा फिरवत राहिले.

"राळेगावच्या बाजारात दुकान होतं. अक्षरामागं पैसे घेत होता थो. मले म्हने, नुसतं पोराचं नाव टाकू का? म्या म्हटलं, नाई, आख्खं लिह्य. मले वाचता येत नाई जी. म्हून त्याच्याकडून दोनदा वाचून घेतलं, काई राह्यलं त नाई म्हून." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे माह्यापायी पोराचं नुसकान झालं."

"नाही मामा, तसं नाही. जमवणाऱ्या लोकांना वस्तू कारखान्यातून निघाल्यासारखीच लागते, म्हणून..."

मी जितकं समजावलं तितकं त्यांना नुकसान झाल्याचं जास्त पटत गेलं. मामा मान हलवत ऐकत होते, चांगला विद्यार्थी ऐकतो तसे. "आमाले काय मालूम जी," ते म्हणाले, "का असं असते." त्यांनी चहा केला. साखर जास्त झाली का, असं दोनदा विचारलं. डब्याचे पैसे आत्मारामकडेच द्या म्हणाले, स्वतः हातही लावला नाही. रस्त्यापर्यंत सोडायला आले आणि कोळशाचा ट्रक गेल्यावर माझ्या खांद्यावरची धूळ झटकली.

वणी मागे पडली तरी माझं मन मामांच्या खाटेपाशीच होतं. मारेगावात पुन्हा चहाला थांबलो, आणि कप हातात घेतला तेव्हा याडीची गोष्ट आठवली. नाव होतं म्हणून गेम घरी आला. नाव नसतं तर तो कधीचाच हरवला असता. भाव पडायला किंवा चढायला उरलाच नसता. मामांना द्यायचं उत्तर माझ्याकडे कालपासून होतं, आणि मी त्यांना कारखान्याच्या गोष्टी सांगत बसलो. तिथूनच फोन लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त.

कोणाशी बोलत होते ते तांड्यावर पोचल्यावर कळलं.

आत्माराम देवळापाशीच भेटला, पण या वेळी हसला नाही. "सर, तुमी मामाले काय सांगतलं?"

मी सांगितलं.

"मामा फोनवर माफी मागून राह्यले होते जी मले. म्हने, बेटा, माह्या हातानं तुह्या वस्तूचं वाटोळं झालं. माह्या मामानं मले माफी मागतली!" त्याचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "थे त मी कालच हासन्यावारी नेलं होतं ना. त्याइले कायले सांगाचं?"

मी पिशवी पुढे केली. गेम आणि डबा दोन्ही परत घ्या म्हणालो, स्कूटीला लागणारे पैसेही राहू द्या, मला काही नको. तो पिशवीकडे बघत राहिला. एकदा हातही पुढे आला, मग मागे गेला.

"नाई सर. आता हे घरात राह्यलं त मामा आले का त्याइची नजर त्याच्यावरच जाईल. कालच देल्लं नसतं त बरं झालं असतं, असं वाटून राह्यलं आता. पन आज नको."

याडी ओसरीवर बसली होती. मामा तिचा सख्खा धाकटा भाऊ. ती मला रागावेल असं वाटलं. ती म्हणाली, "मास्तर, शाळंत पोराइले असंच शिकवता का? जे जे मालूम हाय थे समदं सांगून टाकाचं?"

आत्मारामची बायको तोंडाला पदर लावून हसली. मला हसता आलं नाही. डब्याचे पाच हजार आत्मारामच्या हातात दिले आणि निघालो. कळंबला पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. देवळात गेलो नाही, बाहेरूनच हात जोडले.

ज्यांना हा फेरा करायचा आहे त्यांच्यासाठी: दोन दिवसांत तीनशे किलोमीटरच्या आसपास गाडी चालली. पेट्रोल, लॉज, खाणं मिळून दीड हजाराच्या आत झालं. डिसेंबर चांगला, उन्हाळ्यात वणीकडे जाऊ नका. जुन्या वस्तू शोधत असाल तर तांड्यांवर, खाणींच्या वसाहतींत जरूर विचारा, खूप काही पडून आहे. किंमत विकणाऱ्याला नीट सांगा, फसवू नका. पण ती वस्तू ज्याने मायेने दिली असेल तो समोर बसला असेल, तर त्याच्याशी रस्त्याचं बोला, पिकाचं बोला.

गेम माझ्या कपाटात आहे, डब्यात, मूळ साच्यात. गटावर फोटो टाकल्यावर बंगळुरूच्या एकाने विचारलं, मागचं कव्हर बदलून देणार असाल तर तीस देतो. माझ्याकडे तसं कव्हर आहे, दुसऱ्या मोडक्या गेमचं. पेचकसाने दहा मिनिटांचं काम. मी त्याला उत्तर दिलं नाही.

परत आल्यावर दोन दिवसांनी मामांचा फोन लागला. मी त्यांना सगळं सांगितलं, ओरडून, कारण ऐकू कमी येतं. पाहुण्यांच्या पोरांनी नेलेला गेम, सायकलवरचा म्हातारा, तीन तांडे. म्हणालो, तुम्ही नाव कोरून घेतलं म्हणूनच तो टिकला, मामा. नाव नसतं तर काहीच राहिलं नसतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "थे ठीक हाय सर," ते म्हणाले. "पन भाव त पडला ना."

मग आवाज एकदम हुशारला. "तुमी एक काम करा. इथं वर्कशॉपात एक मिस्तरी हाय, वळखीचा. मशीनवर घासून निरा कोरं करून देते म्हने, नाव होतं असं समजनारबी नाई. पैसे नाई लागत. घेऊन या तुमी. मंग जे वर येईल थे भाशाले द्या."

संक्रांत झाल्यावर येतो, असं मी म्हणालो. संक्रांत होऊन गेली. मामा दर रविवारी सकाळी फोन करतात आणि मिस्तरी सुट्टीवर नाही, हे सांगतात. मी दर वेळी पुढच्या आठवड्याचं बोलतो.